सिस्टर, वही भरली पण मन भरलं नाही

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की सरकारी दवाखान्यातल्या माझ्या नोकरीत जी म्हातारी माणसं खाटेवरून लवकर उठून घरी गेली, त्यांच्यात तीन गोष्टी सारख्या दिसल्या. ती कुणाचं तरी नाव आठवणीनं घेत, उद्याचं काहीतरी ठरवून ठेवत आणि स्वतःचा तांब्या स्वतः उचलत. संपादकांनी त्यावर कृतज्ञता, आशावाद, आत्मविश्वास असा भारदस्त मथळा चढवला आणि पत्रांचा गठ्ठा आला. निम्मे वाचक खूश, निम्मे चिडलेले. चिडलेल्यांची पत्रं नेहमी जास्त चांगली असतात, म्हणून या वेळी तीच जास्त घेतली आहेत. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : वय ७१. वीज मंडळातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. मुलगी बंगळुरूला असते. तिनं वाढदिवसाला सोनेरी कडांची वही पाठवली आणि रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. आता जेवण झालं की वही उघडतो, 'तब्येत ठीक, पेन्शन जमा, पाऊस चांगला' असं लिहितो आणि खाली सही करावीशी वाटते, हजेरीपटासारखी. आनंद वगैरे काही होत नाही. माझ्यातच काही खोट आहे का? मुलीला काय सांगू? (कराड)

उत्तर : भाऊ, तुमच्यात काही खोट नाही. रोजचं ठरलं की असंच होतं, आणि ते अभ्यासकांनाही दिसलेलं आहे. या सगळ्या वह्यांच्या मुळाशी रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे २००३ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग आहेत. त्यातल्या पहिल्यात विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकानं दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल उपकार वाटतात अशा चारपाच गोष्टी लिहायच्या. दुसऱ्यानं कटकटी लिहायच्या. तिसऱ्यानं नुसतं काय घडलं ते. पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला. आता हे परत वाचा : आठवड्यातून एकदा. पुढे मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी आठवड्याला एकदा लिहिणारे आणि तीनदा लिहिणारे अशी तुलना केली, तर फायदा एकदावाल्यांच्या पदरात पडला.

रोज लिहिणं सगळ्यांनाच निरुपयोगी ठरतं असंही नाही. त्याच एमन्स आणि मॅकलॉ यांनी स्नायू-मज्जातंतूंच्या आजाराच्या रुग्णांना तीन आठवडे रोज लिहायला लावलं होतं, तेव्हा त्यांची झोप सुधारली. मला ही बातमी मोठी वाटते. गोळी न वाढवता रुग्णाची झोप सुधारणं म्हणजे काय, ते रात्रपाळ्या काढलेल्यालाच कळतं. पण पुढच्या पडताळण्यांत असंही दिसलं की वह्यांचा फायदा होतो तो बेताचाच. सोनेरी कडांच्या वहीवर हे कुणी छापत नाही.

दुसरी गोष्ट. तुमच्या नोंदींत 'का' नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी २००५ साली तीन चांगल्या गोष्टींचा हा व्यायाम तपासला, तेव्हा प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हेही लिहायचं होतं. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना नेमकं तेच गळून पडलं. समजा तुम्ही लिहिलंत, 'सकाळी अंघोळीला कढत पाणी मिळालं.' का मिळालं? सून साडेपाचला उठून बंब पेटवते म्हणून. ती साडेपाचला का उठते? तुम्हाला सहाला अंघोळ लागते म्हणून. आता नोंदीत एक माणूस आलं आणि थोडी खंतही आली. 'पाऊस चांगला' मध्ये माणूसच नाही, मग मन हलणार कसं?

आणि माणूस सापडलं की त्याला सांगा. कसं सांगायचं, तेही आपल्या रीतीनं. आपल्या घरांत कुणी कुणाचे आभार मानत नाही. सुनेला एकदम 'मी तुझा ऋणी आहे' म्हणालात तर ती मुलाला फोन करून तुमचं बीपी तपासायला सांगेल. त्यापेक्षा 'आजची आमटी झकास झाली, चिंच घातलीस की आमसूल?' एवढं विचारा. आमटीकडे तुमचं लक्ष गेलं, एवढं तिला पुरतं. आणि कढत पाण्याबद्दल सांगायचं असेल तर साडेसहाला अंघोळ चालेल असं सांगून टाका, ते तिला जास्त पोचेल.

साताऱ्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक निवृत्त तलाठी आहेत. त्यांनी हा नाद जरा पुढे नेला. ऐन पावसात एका रात्री दप्तर भिजायची वेळ आली होती, तेव्हा ज्या कोतवालानं सगळे सातबारे डोक्यावरून नेऊन देवळात ठेवले, त्याच्या घरी ते कोरेगाव तालुक्यात जाऊन आले. चार ओळी कागदावर लिहून नेल्या होत्या, चष्मा लावून त्या वाचून दाखवल्या. कोतवाल आता पंचाऐंशीचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्या रात्री मी तुम्हाला लई शिव्या घातल्या होत्या, साहेब." मग दोघं हसत बसले, म्हणे चहा दोनदा झाला. सेलिग्मन यांच्या त्याच अभ्यासात अशी प्रत्यक्ष भेट हा उपाय सगळ्यांत जोरदार ठरला होता. त्याचा असर महिनाभर टिकला आणि तीन महिन्यांनी ओसरला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. म्हणजे अधूनमधून पुन्हा कुणाकडे तरी जावं लागणार. त्यात वाईट काय आहे?

मुलीला सांगा, वही सुंदर आहे, रविवारी लिहितो. पहिल्या रविवारी तिच्याबद्दल जे लिहाल ते वहीत ठेवू नका, फोन लावून वाचून दाखवा.

प्रश्न : वय ६६. आमचे हे शाळेत शिक्षक होते, दीड वर्षापूर्वी गेले. बँक, वीजबिल, गॅस, घरपट्टी, सगळं तेच बघायचे. मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, पण ते काढायला मुलगा जातो. एकदा मी एटीएममध्ये गेले. मागे तीन माणसं उभी, हात घामेजले, पिन चुकला, कार्ड घेऊन पळत बाहेर आले. मुलं म्हणतात, "आई, तू कशाला त्रास घेतेस, आम्ही आहोत ना." ती चांगली आहेत, पण पन्नास रुपयांची फुलं घ्यायची तरी मला सांगावं लागतं. आत्मविश्वास कुठून आणू? (इचलकरंजी)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं फुलांचं वाक्य मी मुलांना वाचून दाखवलं असतं. त्यांना ते माहीतच नसणार.

आत्मविश्वास आधी येतो आणि मग माणूस एटीएमला जातो, असा आपला समज असतो. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली याची नीट मांडणी केली. 'मला हे जमेल' असं वाटण्याची त्यांनी चार उगमस्थानं सांगितली आणि त्यात सगळ्यांत पक्कं धरलं ते स्वतः करून पाहण्याला. त्यानंतर आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं. दुसऱ्यानं 'तुला जमेल' म्हणणं त्याच्याही खाली. आणि चौथं म्हणजे अंगातल्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. हात घामेजले, छाती धडधडली, याचा अर्थ तुम्ही 'मला येत नाही' असा लावलात. नवं इंजेक्शन देताना शिकाऊ नर्सचेही हात घामेजतात. इंजेक्शन व्यवस्थित जातं.

आपल्यासारख्या माणसाबद्दल एक सांगते. वाचक मला थोरांची उदाहरणं पाठवतात. महर्षी कर्व्यांनी १९३६ साली, ७८व्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवं मंडळ काढलं, वगैरे. खरंच आहे. पण कर्व्यांचं वाचून आपण हात जोडतो, शेजारच्या काकूंना कार्ड घालताना पाहून आपण कार्ड बाहेर काढतो. तुमच्या भजनी मंडळात किंवा गल्लीत साठीपुढची एकतरी बाई स्वतःचे पैसे स्वतः काढत असेल. तिच्याबरोबर जा. मुलाबरोबर नको. मुलगा मागून हात घालून बटण दाबेल.

सुरुवात पासबुकापासून करा. पासबुक भरून आणा, घरी बसून गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी बोट ठेवून वाचा, पेन्शन कधी येतं, व्याज कधी जमा होतं, वीजबिल कधी कापलं जातं ते पाहा. मग एकदा काउंटरवर जाऊन विड्रॉल स्लिपवर पाचशे काढा. त्यानंतर एटीएम, आणि तेही बँकेच्या शाखेला लागून असलेलं, सकाळी अकराच्या सुमारास, शाखा उघडी असताना. म्हणजे काही अडलं तर शेजारच्या दारात माणूस आहे. मागे लोक उभे असतील तर बाजूला होऊन 'तुम्ही आधी घ्या' म्हणा. घाई तुम्हाला नाही, त्यांना आहे.

भीती कशाची आहे ते पुरतं माहीत असलं की ती आटोपशीर होते, म्हणून काही गोष्टी लिहून ठेवा. पिन एकदा चुकला तर काही होत नाही, पुन्हा टाकता येतो. लागोपाठ तीनदा मात्र चुकवू नका, कार्ड तात्पुरतं बंद होतं. खात्यातून पैसे वजा झाले पण मशिनमधून आलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँकेला ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपणहून परत जमा करावे लागतात. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपयांप्रमाणे भरपाई द्यावी लागते. मोबाइलवरून पैसे येताना पिन कधीच टाकावा लागत नाही. जो कुणी 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणेल तो चोर. फोनवरून अटक करणारा पोलीसही चोरच, कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकार नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन.

मुलांशी भांडू नका. 'तुम्ही करू नका' असं सांगण्यापेक्षा 'नोव्हेंबरचा हयातीचा दाखला यंदा मी स्वतः देणार आहे' असं सांगा. तारीख आणि काम ठरलेलं असलं की मुलं सहसा मधे पडत नाहीत. आणि पहिल्या पाचशेंतून फुलं घ्या. हिशेब कुणाला देऊ नका.

प्रश्न : वय ७८. गेल्या श्रावणात बाथरूममध्ये घसरलो, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. वॉकर सुटला, काठी आली. डॉक्टर म्हणतात, हिंडाफिरायला हरकत नाही. पण मला बाहेर पडवत नाही. पायरी दिसली की पडल्याचा तो आवाज कानात येतो. मित्र कट्ट्यावर बोलावतात, मी काहीतरी कारण सांगतो. मुलगा हिंजवडीहून फोनवर म्हणतो, "बाबा, पॉझिटिव्ह राहा." कशाच्या जोरावर राहू? आता काय राहिलंय? (फलटण)

उत्तर : मुलावर रागावू नका. त्यालाही काय बोलावं ते सुचत नसेल. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे, कशाच्या तरी जोरावरच राहावं लागतं.

पडून उठलेल्या माणसाला पडायची भीती वाटणं यात चमत्कारिक काहीच नाही. माझ्या वॉर्डात हाड जुळलेले, जखम भरलेले, तरीही खाटेची कड न सोडणारे धडधाकट गडी मी पाहिलेत. कुस्ती खेळलेला एक जण तर सिस्टरचा हात धरल्याशिवाय संडासला जात नसे आणि कुणाला सांगू नका म्हणे. अडचण अशी की भीतीनं माणूस बसून राहतो, बसून राहिलं की मांड्या वाळतात, मांड्या गेल्या की तोल जातो आणि मग खरंच पडतो. म्हणून भीती जाण्याची वाट पाहत बसू नका. तिला घेऊनच चालायला लागा.

तुमचं 'आता काय राहिलंय' हे वाक्य घेऊ. सेलिग्मन यांचं नाव वर आलंच आहे. निराश माणूस आणि आशावादी माणूस यांच्यातला फरक त्यांनी शोधला तो वाईट घडल्यावर दोघं त्याचं कारण कसं सांगतात यात. निराश माणूस म्हणतो : हे कायमचं आहे, आणि सगळंच गेलं. आशावादीही पडतो. त्याचंही हाड मोडतं. पण तो म्हणतो, फरशी ओली होती आणि धरायला काही नव्हतं. दोघांतलं कुणाचं कारण दुरुस्त करता येतं ते पाहा. तुमचा मोडला तो खुबा. वाचा शाबूत आहे, नजर शाबूत आहे, पत्र तर तुम्ही असं लिहिलंय की मी दोनदा वाचलं.

तर आधी फरशी. न्हाणीघरात आणि कमोडजवळ कोपराच्या उंचीला भिंतीत ड्रिल करून पक्का स्टीलचा दांडा बसवून घ्या. टॉवेलचा दांडा चालणार नाही. म्हातारी माणसं पडताना हटकून तोच धरतात आणि दांड्यासकट खाली येतात. दारातलं सुटं पायपुसणं उचला. सैल स्लिपर फेका, मागे पट्टा असलेल्या घ्या. खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा. आणि बीपीची गोळी चालू असेल तर उठताना एकदम उभं राहायचं नाही. खाटेच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसायचं, मग उठायचं. रात्री घसरून पडल्याचं सांगत येणाऱ्या कितीतरी जणांना मुळात उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी आलेली असायची.

मग मांड्या. तुमच्या फिजिओथेरपिस्टला विचारून, त्यांनी हो म्हटलं तरच, भिंतीला टेकवलेल्या साध्या लाकडी खुर्चीवरून उठबस सुरू करा. खुर्ची बुटकी नको. सुरुवातीला हात टेकून. या वयोगटासाठी एक चाचणी वापरतात : ३० सेकंदांत हात न टेकता किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. ७५ ते ७९ वयाच्या पुरुषाला ११ पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात. आज तुम्हाला चारच जमतील. कॅलेंडरवर चार लिहा. कॅलेंडरवरचा आकडा वाढताना दिसला की मुलाला फोनवर सांगायला तुमच्याकडे काहीतरी असेल, आणि त्यालाही 'पॉझिटिव्ह राहा' सोडून दुसरं बोलता येईल.

कट्ट्याचं म्हणाल तर कारणं सांगणं बंद करा. 'मला पडायची भीती वाटते, एकानं घरी येऊन मला घेऊन जा,' असं सरळ सांगा. कट्ट्यावरच्या अर्ध्याजणांना तीच भीती आहे. तुम्ही बोललात की त्यांचीही तोंडं उघडतील. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. लांबची एक तारीखही डोळ्यांपुढे ठेवा. तुमच्या फलटणला मार्गशीर्षात रामाचा रथ निघतो. गर्दीत जायला सांगत नाही, पण रथ जाताना ओळखीच्या एखाद्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचं, एवढं ठरवा. आणि पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास तुम्हाला फुकट आहे. तो हक्क पडून ठेवू नका.

बेका लेवी या संशोधक बाईंचा २००२ सालचा एक अभ्यास तुम्हाला सांगायचा मोह होतोय. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावात पन्नाशीपुढच्या ६६० माणसांना त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं ते आधीच विचारून ठेवलं होतं. पुढची दोन दशकं कोण किती जगलं ते पाहिलं. म्हातारपणाबद्दल बरं मत असलेले सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. तब्येत आणि पैशाचा फरक धरूनही अंतर उरलंच. आता यावरून कुणी 'हसा आणि आठ वर्षं कमवा' म्हणेल तर विश्वास ठेवू नका, एका गावाच्या सरासरीतून तुमचं आयुष्य मोजता येत नाही. पण 'आता काय राहिलंय' हे मतसुद्धा फुकट पडत नाही, एवढं त्यातून घ्या.

शेवटचं, आणि हे सिस्टर म्हणून बजावून सांगते. दोन आठवड्यांच्या वर झोप उडालेली असेल, जेवण नकोसं झालं असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ती वृत्ती म्हणून सोडून देऊ नका. तो नैराश्याचा आजार असू शकतो, खुब्याच्या ऑपरेशननंतर तो येतोही, आणि त्याला औषध आहे. तुमच्या डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरावर मराठीतून, दिवसा-रात्री केव्हाही, फुकट बोलता येतं.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दिवसभर तक्रार. भाजीत मीठ कमी, पंखा जोरात, नातू मोबाइलवर, शेजारीण आगाऊ. मी त्यांना सकारात्मक विचारांचे व्हिडिओ दाखवते तर म्हणतात, "तूच बघ." त्यांना आनंदी राहायला कसं शिकवू? (डोंबिवली)

उत्तर : शिकवू नका. तुमच्या सासूबाईंचं 'तूच बघ' मला फार आवडलं.

आधी त्यांचे कान तपासून घ्या. कमी ऐकू येणारी माणसं चिडचिडी होतात आणि घरच्यांना वाटतं, स्वभावच तसा. मिठाचंही तसंच असू शकतं. वयाबरोबर जिभेची चव उतरते, बीपीच्या काही गोळ्यांनीही उतरते. त्यांना खरोखरच अळणी लागत असेल. वाढताना लिंबाची फोड आणि थोडं जिरेपूड-ताक ठेवा, मीठ वाढवू नका.

आणि एक खातं त्यांच्या हातात द्या, पूर्ण. भाजी म्हणा. आठवड्याचे पैसे त्यांच्याकडे, काय आणायचं ते त्या ठरवणार, भाजीवाल्याशी घासाघीस त्या करणार. मग चार दिवस लागोपाठ कारलं आलं तरी खायचं. घरात एकही निर्णय ज्याच्या हातात उरलेला नाही, त्याच्याकडे बोलायला तक्रारच उरते. भाजीची तक्रार त्यांना स्वतःकडेच करावी लागली तर बघा किती कमी होते. शेजारणीचं मात्र मला सांगता येत नाही. ती खरंच आगाऊ असू शकते.

प्रश्न : बाई, तुमचा लेख वाचला. मी सोलापूरला गिरणीत तीस वर्षं काढली. ईपीएस ९५ मधून मला महिन्याला ११४० रुपये पेन्शन मिळतं. बायकोची शुगरची औषधंच त्यात बसत नाहीत. वय ७२. यात मी कुणाचे आभार मानू? पोट भरलेल्यांनी कृतज्ञतेच्या गोष्टी सांगाव्यात. हे छापायची हिंमत आहे का? (सोलापूर)

उत्तर : छापलं. एक शब्द गाळलेला नाही.

तुमचं बरोबर आहे, आणि मला सरकारी पेन्शन आहे हेही इथे लिहून टाकते. ईपीएस ९५ म्हणजे पीएफशी जोडलेली १९९५ सालची पेन्शन योजना. २०१४ सालच्या सप्टेंबरपासून तीत किमान पेन्शन १००० रुपये ठरलं. त्याला महागाई भत्ता जोडलेला नाही. तेव्हापासून तेलाचा डबा कुठे गेला ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ज्यानं हक्काचं द्यायचं आहे त्याच्यापुढे कृतज्ञतेची वही धरायची नसते. म्हाताऱ्यांना गप्प बसवायला कुणी हा शब्द वापरत असेल, तर त्याच्या वहीत लिहू नका.

पण एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही ती विचारते. तुम्ही पेन्शनरांच्या संघटनेत आहात का? ईपीएस ९५ चे पेन्शनर ७५०० रुपये किमान पेन्शन आणि वर महागाई भत्ता मागत आहेत. बुलढाण्यातून उभी राहिलेली त्यांची संघर्ष समिती दिल्लीपर्यंत मोर्चे नेते. सत्तरीतली, गुडघे धरून चालणारी माणसं रेल्वेच्या साध्या डब्यातून जंतरमंतरला जातात, पोळी-चटणी बांधून. मिळेल की नाही याची खात्री त्यांना कुणी दिलेली नाही. मी आशावादी म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हीच माणसं असतात, बागेत हास्यक्लबात हात वर करणारी फार कमी. (हास्यक्लबवाल्यांनो, पत्र लिहा, तेही छापते.) तुम्ही तीस वर्षं ज्यांच्याबरोबर पाळ्या केल्या त्यांतले काही तिथे असतील. आभार मानायचेच असले तर आपल्यासाठीही चालणाऱ्या त्या माणसांचे माना, आणि पुढच्या वेळी सोबत जा.

मोर्च्याचा निकाल लागेपर्यंत औषधांचं बघू. तुम्ही सत्तरी ओलांडली आहे, म्हणजे उत्पन्न कितीही असो, तुम्हाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात दाखल होऊन घ्यायचे उपचार बसतात. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, त्यासाठी जनऔषधी दुकानात जा. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा, कंपनीचं नको. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या तिथे बऱ्याच स्वस्त पडतात. काठी, चष्मा, कानाचं यंत्र, कमरेचा पट्टा असं काही लागत असेल आणि घरचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्यांना एकरकमी ३००० रुपये खात्यात मिळण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात सध्या अर्ज घेतात का ते विचारा.

वय वंदना कार्ड काढायला जाताना आधारकार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन जा, ओटीपी त्याच्यावर येतो. जुना नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात तो बदलून घ्या, नाहीतर दोन हेलपाटे पडतील. तुमच्या चाळीत सत्तरीपुढचे आणखी कुणी असतील तर त्यांनाही त्याच दिवशी सोबत न्या. पाचसहा जण मिळून गेलात की खिडकीवरचा माणूस 'उद्या या' म्हणायला जरा कचरतो.